वाचकांचे प्रश्न : सर्व्हर नसलेले ॲप आणि उघडा पडणारा पत्ता

या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडते, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही काही जणी इंदुरात कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांना कायद्याची माहिती आणि सोबत देण्याचे काम करतो. त्यांपैकी काही जणी घर सोडून परगावी राहत आहेत आणि त्यांचा ठावठिकाणा नवऱ्याला कळू नये, ही आमची सर्वांत मोठी काळजी असते. मुलांच्या निमित्ताने मात्र त्याच्याशी अधूनमधून बोलावेच लागते. आमच्यातील एका तरुण कार्यकर्तीने सुचवले, की ज्यात कंपनीचा सर्व्हरच नसतो असे पीअर-टू-पीअर ॲप वापरावे. दुसरीचे म्हणणे असे, की तसे ॲप टॉर या पत्ता झाकणाऱ्या जाळ्यावरून चालवले तरच त्याचा उपयोग. आम्ही काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : संदेशात काय लिहिले आहे ते झाकणे ही एक गोष्ट आहे, आणि कोण कोणाशी, केव्हा व कुठून बोलत आहे ते झाकणे ही दुसरी. पहिली गोष्ट सामान्य माणसापुरती बरीचशी सुटलेली आहे, कारण व्हॉट्सॲप आणि सिग्नल या दोन्हींत मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि थेट घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. आपल्या कामात धोका आहे तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि नेमक्या त्याच बाबतीत सर्व्हर नसलेले ॲप पुष्कळदा अधिक उघडे असते.

याचे कारण सरळ आहे. मध्ये कोणीच नसेल, तर दोन्ही फोनांना एकमेकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक, कळल्याशिवाय जोडणी होऊ शकत नाही. घरच्या वाय-फायवरचा फोन राउटरच्या आड असल्यामुळे त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून तो स्टन नावाच्या पद्धतीने बाहेरच्या एखाद्या संगणकाला ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून आलेला दिसतो?’ असे विचारतो आणि मिळालेले उत्तर समोरच्या फोनला कळवून टाकतो. हे सगळे क्षणार्धात आणि पडद्याआड घडते. समोरच्या माणसाला थोडी तांत्रिक माहिती असेल, तर आपल्या संगणकावर येणारी-जाणारी पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पाहून तो हा पत्ता वाचू शकतो. टॉक्स हे २०१३ पासूनचे पीअर-टू-पीअर ॲप याचे चांगले उदाहरण आहे. अनोळखी लोकांपासून पत्ता लपवण्याची सोय त्यात आहे, परंतु संपर्कयादीत घेतलेल्या माणसापासून आम्ही तो लपवत नाही, असे त्याचे निर्माते स्वतःच स्पष्ट सांगतात. आपल्या प्रकरणात ज्याच्यापासून लपायचे, तोच संपर्कयादीत असणार आहे.

आयपी पत्त्यावरून घर सापडते, हा समज मात्र अतिरंजित आहे. मोबाईल डेटावर असताना त्यावरून फार तर कंपनी समजते आणि गाव पुष्कळदा भलतेच दिसते. ब्रॉडबँडवर गाव बऱ्याच अंशी बरोबर येते. सर्वांत वाईट स्थिती असते ती मोठ्या संस्थेच्या नेटवर्कची : एखाद्या विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने आयपी पत्त्यांचा गट स्वतःच्या नावावर घेतलेला असेल, तर तो पत्ता सार्वजनिक नोंदवहीत शोधल्याबरोबर संस्थेचे नाव समोर येते. परगावी नोकरी धरलेल्या बाईने कार्यालयाच्या वाय-फायवरून एक कॉल घेतला, तरी एवढा धागा पुरे होतो.

म्हणून टॉरकडे जाण्याआधी करायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. आपल्या कामापुरत्या बहुधा याच पुरतील. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधील प्रायव्हसी या भागात खाली ‘ॲडव्हान्स्ड’ आहे. त्यात कॉलमधील आयपी पत्ता झाकण्याची सोय नोव्हेंबर २०२३ पासून आलेली आहे. ती चालू केली, की कॉल थेट न जाता व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमधून जातो आणि समोरच्याला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. सिग्नलमध्येही ओळखीच्या संपर्काशी होणारा कॉल एरवी थेट जुळतो. तेथे ‘ऑलवेज रिले कॉल्स’ हे बटण त्याच ठिकाणी, प्रायव्हसीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आहे. आवाजाचा दर्जा किंचित उतरतो, तेवढे सोसावे. शिवाय सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून फोन नंबर न दाखवता नुसत्या युजरनेमवर बोलता येते, आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या दृष्टीने मला ही सोय टॉरपेक्षाही मोलाची वाटते, कारण नवऱ्याच्या हाती नंबर लागला की त्रास तेथूनच सुरू होतो.

जाता जाता एक सांगायला हवे. अशा प्रकरणांत ठावठिकाणा फुटतो तो फार क्वचित आयपी पत्त्यामुळे. जुन्या फोनवर चालू राहिलेले गुगल खाते, कधी काळी विश्वासाने सुरू केलेले लोकेशन शेअरिंग, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये नवऱ्याचा लॅपटॉप — ही यादी आधी तपासावी.

मग टॉर केव्हा लागेल? समोरचा माणूस, किंवा त्याचा जवळचा कोणी, दूरसंचार कंपनीच्या नोंदींपर्यंत पोहोचू शकत असेल तेव्हा. फोनच्या कॉलचा जसा सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला केव्हा फोन केला याची नोंद, असतो, तसा इंटरनेटच्या वापराचा आयपीडीआर असतो. कोणता ग्राहक कोणत्या वेळी कोणत्या पत्त्याशी जोडला गेला होता, याची ती नोंद असते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून कंपन्यांना ती किमान दोन वर्षे जपावी लागते. दोन फोन थेट बोलले, तर दोघांची गाठ या नोंदीत सरळ पडते. टॉरमध्ये ती पडत नाही. आपला फोन जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिलेंपैकी, म्हणजे निरोप पुढे पोहोचवणाऱ्या संगणकांपैकी, तीन निवडतो आणि संदेशाला एकावर एक अशी तीन कुलपे घालतो. प्रत्येक रिले आपल्या वाटणीचे एक कुलूप काढून पुढच्याकडे सोपवतो. पहिल्याला आपण कोण हे कळते पण कोठे निघालो ते कळत नाही, आणि तिसऱ्याला नेमके उलटे. ज्या ॲपमध्ये दोन्ही टोके टॉरच्या आतच राहतात, तेथे दोघेही आपापल्या बाजूने तीन-तीन रिलेंचा मार्ग बांधून मध्ये भेटतात. तेथे माणसाची ओळख म्हणजे फोन नंबर नसून ५६ अक्षरांचा एक पत्ता असतो, आणि तो पत्ता कोठल्या घरातून चालतो हे समोरच्यालाही समजत नाही.

क्वच आणि रिकोशे रिफ्रेश ही ॲप्स या पद्धतीवर उभी आहेत. या प्रकारातील सर्वांत परिपक्व ॲप माझ्या मते ब्रायर होते आणि आहे : इंटरनेटवर ते टॉरमधून चालते आणि इंटरनेट बंद पडले तर जवळच्या जवळ ब्लूटूथ आणि वाय-फायवर. मात्र मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्या १४ मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ब्रायरही होते. जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी त्यांचा वापर करतात, असे कारण तेव्हा सांगितले गेले. पुरात आणि भूकंपात उपयोगी पडणारे साधन एकाच यादीत गुंडाळणे मला पटलेले नाही, तरीही ज्या संस्थेला उद्या न्यायालयात उभे राहायचे आहे, तिने बंदी असलेले ॲप वापरावे असा सल्ला मी देणार नाही. सिंप्लेक्स हा मधला मार्ग आहे. ते काटेकोर अर्थाने पीअर-टू-पीअर नाही, कारण संदेश रिले सर्व्हरवरून जातात. परंतु त्यात वापरणाऱ्याची कायमची ओळख अशी काही नसतेच, २०२४ पासून पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता घेणाऱ्याने निवडलेल्या सर्व्हरपासून झाकला जातो, आणि हवे असल्यास ते टॉरवरूनही चालते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्याकडे एक पीअर-टू-पीअर ॲप आहे आणि अँड्रॉइडवर ऑर्बोट हे ॲप टाकून त्याचा सगळा व्यवहार टॉरमधून वळवला आहे. संदेश जातात, कॉल मात्र लागत नाहीत. काही चुकले आहे का, आणि एवढे केल्यावर मी निनावी झालो असे समजू का? शिवाय याचा बॅटरीवर काय परिणाम होतो?
— एक वाचक, भंवरकुआ, इंदूर

उत्तर : कॉल न लागणे ही आपल्या सेटिंगची चूक नाही, टॉरची बांधणीच तशी आहे. इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत : हरवलेले पाकीट पुन्हा मागवणारी टीसीपी आणि तसे न करणारी यूडीपी. टॉर केवळ टीसीपी वाहून नेते, आणि इंटरनेटवरचे कॉल बहुतेक यूडीपीवर चालतात. यूडीपीत हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जात नाही, आणि बोलण्यासाठी तेच योग्य असते, कारण अर्धा सेकंद उशिरा आलेला शब्द न आलेल्या शब्दापेक्षा जास्त घोळ घालतो. आवाजाला एका बाजूने लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. दोन्ही बाजूंचे तीन-तीन, असे सहा रिले ओलांडून, तेही तीन-चार देशांतून फिरून येणाऱ्या आवाजाकडून ही अपेक्षा करता येत नाही. कॉल लागले नाहीत, ही खरे तर चांगली खूण आहे. ते बिनबोभाट लागले असते, तर यूडीपी टॉरला वळसा घालून उघड्यावरून जात असल्याची शंका घ्यावी लागली असती. ऑर्बोट मध्येच बंद पडले तर ॲप गुपचूप साध्या जोडणीवर येऊ नये, यासाठी अँड्रॉइडच्या व्हीपीएन (सगळी रहदारी दुसऱ्या मार्गाने वळवणारी सोय) सेटिंगमधील ‘ऑलवेज-ऑन’ आणि व्हीपीएनशिवायची जोडणी रोखणारे बटण, ही दोन्ही चालू ठेवावीत.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. टॉरला डोळ्यासमोर न ठेवता लिहिलेले ॲप आपला पत्ता संदेशाच्या पोटात लिहून पाठवू शकते. एप्रिल २०१० मध्ये टॉर प्रकल्पाने फाइली वाटून घेण्याच्या बिटटोरेंट या पद्धतीच्या बाबतीत नेमका हाच इशारा दिला होता : जोडणी टॉरमधून जात असे, परंतु बिटटोरेंटचे प्रोग्राम ट्रॅकरला, म्हणजे सहभागींची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, कळवायच्या माहितीतच खरा आयपी पत्ता घालत, आणि टॉर तो इमानेइतबारे पोहोचवून देत असे. टॉर पाकिटे वाहते, त्यांत काय लिहिले आहे ते तपासत नाही. पीअर-टू-पीअर मेसेजिंगमध्ये हा धोका अधिक असतो, कारण ‘माझे संभाव्य पत्ते असे आहेत, यांपैकी जो जुळेल त्यावर ये’ असे सांगणे हा तेथे जोडणीच्या शिष्टाचाराचाच भाग असतो, आणि त्या यादीत घरच्या वाय-फायवरचा पत्ता आणि आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता असे दोन्ही असू शकतात.

दुसरी अडचण ओळखीची आहे. सर्व्हर नसताना मित्राला शोधायचे, तर कोठे तरी नोंद असावी लागते. बहुतेक ॲप्स ती डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबलमध्ये ठेवतात, म्हणजे या नोंदवहीचे तुकडे सहभागी असलेल्या सर्वांच्या संगणकांवर विखुरलेले असतात. जामी या ॲपची रचना अशीच आहे. ही नोंदवही सर्वांची असल्यामुळे ती चिकाटीने चाळणाऱ्याला अमुक ओळख केव्हा जागी असते आणि केव्हा झोपते, एवढे तरी कळू शकते. आपण टॉर घालण्यापूर्वी हेच ॲप याच ओळखीने साध्या जोडणीवर वापरले असेल, तर जुना पत्ता आणि ही ओळख यांची सांगड आधीच पडलेली आहे; नंतर टॉर घातल्याने ती सुटत नाही. नवी ओळख काढून, ती एकदाही उघड्यावर न नेता वापरली, तरच काही अर्थ आहे. आणि मग प्रश्न उरतो, की हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा मुळातच टॉरवर उभारलेले ॲप का घेऊ नये? माझे मत त्याच बाजूला झुकते. शिकण्यासाठी आपण करत आहात ते उत्तम आहे; ज्याच्यावर कोणाची सुरक्षितता अवलंबून आहे, अशा कामासाठी नाही.

बॅटरीविषयीही आपण विचारले आहे. टॉरमधला पत्ता जिवंत ठेवायला फोनला सतत जागे राहावे लागते, आणि फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा नेमक्या अशाच ॲपला झोपवते. दोघे एका वेळी जागे नसतील तर संदेशही अडतो. आयफोनवर पार्श्वभूमीत चालण्यावर अधिक निर्बंध असल्यामुळे ब्रायर तेथे आलेच नाही.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नातू टॉर वापरतो. हे जाळे मुळात अमेरिकेच्या नौदलाने तयार केले असे वाचले. मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि ते वापरणे आपल्याकडे गुन्हा ठरते का? त्याऐवजी साधे व्हीपीएन घ्यावे का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : वाचलेले खरे आहे. ऑनियन राउटिंगची, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक कुलपे घालून निरोप पाठवण्याची कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत जन्मली, टॉरचे जाळे २००२ मध्ये सुरू झाले आणि २००६ पासून ते एक ना-नफा संस्था सांभाळते. नौदलाने ते लोकांसाठी खुले करण्यामागे परोपकार नव्हता. ज्या जाळ्यात फक्त नौदलाचीच माणसे आहेत, त्यात शिरणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरतो. त्यामुळे त्यांना आपल्यासारख्यांची गर्दी हवी होती. मूळ प्रोग्राम सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे आणि जगभरचे संशोधक त्यात खोट काढायला टपलेले असतात, त्यामुळे जन्म कोठे झाला यापेक्षा त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सर्वांत मोठी मर्यादा टॉरच्या निर्मात्यांनी २००४ च्या आपल्या निबंधातच मान्य केली आहे : जो दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकतो, तो वेळा जुळवून माणूस ओळखू शकतो. त्याला कुलपे उघडावी लागत नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने बॉम्बच्या खोट्या धमकीचे ईमेल टॉरवरून पाठवले. त्या सुमारास विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉर कोण वापरत होते, एवढे पाहून तपास अधिकारी त्याच्यापर्यंत पोहोचले आणि त्याने कबुली दिली. टॉर फुटले नव्हते. गर्दी पुरेशी नव्हती.

मेसेजिंगच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण जर्मनीतले आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य पसरवणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकांपैकी एकाला तेथील पोलिसांनी टॉरवर चालणाऱ्या रिकोशे या ॲपमधूनच शोधून काढले, असे सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील पत्रकारांनी उघड केले. असे ॲप चालू असेतोवर बाहेरून येणाऱ्या संदेशाला प्रतिसाद देत राहते. त्यामुळे संशयिताकडे रहदारी पाठवून, ती टॉरमध्ये कोठे उमटते हे बराच काळ न्याहाळत पोलीस त्याच्या पहिल्या रिलेपर्यंत गेले आणि त्या रिलेला जोडणाऱ्या ग्राहकांची माहिती त्यांनी एका दूरसंचार कंपनीकडून मिळवली. त्याने वापरलेली रिकोशेची आवृत्ती जुनी होती आणि असा हल्ला अवघड करणारी नंतरची तटबंदी तिच्यात नव्हती, असा खुलासा टॉर प्रकल्पाने केला. गुन्हेगार सापडला याचे कोणाला वाईट वाटणार नाही. पण हीच रीत पत्रकाराविरुद्धही चालते, आणि ॲप अद्ययावत ठेवणे ही येथे औपचारिकता नाही, एवढे त्यातून कळते.

मला स्वतःला वाटते, की लिखित संदेशांसाठी टॉर ही शेवटची पायरी नव्हे. टॉरला वेबपाने झटपट उघडून द्यायची असल्यामुळे ते काहीही अडवून धरत नाही, आणि म्हणूनच वेळा जुळवता येतात. लेखी निरोप मात्र दहा-वीस सेकंद उशिरा पोहोचला तर कोणाचे काही बिघडत नाही. कूटशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच अशी रचना मांडली होती, की प्रत्येक मुक्कामावर पुष्कळ संदेश गोळा करायचे, त्यांचा क्रम विस्कटायचा आणि मग पुढे पाठवायचे. या मिक्सनेटच्या कल्पनेला २०१७ च्या लूपिक्स या रचनेने खोट्या, रिकाम्या संदेशांची जोड दिली, म्हणजे कोणी गप्प असतानाही त्याचा फोन बोलतच असल्यासारखा दिसतो. निम हे जाळे त्याच वाटेने चालले आहे. डेटा आणि बॅटरी यांचा खर्च अर्थातच वाढतो.

आता कायदा. टॉर वापरणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठातून एकमताने सांगितले आहे. त्याच वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कूटबद्ध मजकूर उघडून देण्याचा आदेश काढू शकते, आणि त्यात सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. आपला ग्राहक टॉरला जोडला गेला, हे इंटरनेट कंपनीला दिसते. त्याने तेथे काय केले, ते दिसत नाही. नातवाने त्याचा वापर करून काही गैर केले, तर शिक्षा त्या कृत्याची होईल.

टॉरऐवजी साधे व्हीपीएन घ्यावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. व्हीपीएनने समोरच्या माणसापासून आयपी पत्ता झाकला जातो, परंतु तीन अनोळखी रिलेंऐवजी सगळे एकाच कंपनीला माहीत होते, आणि भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि त्याला दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत, असा निर्देश सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेला आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले. नातू व्हीपीएन वापरत असेल तर ते कोणाचे आहे आणि फुकट असेल तर त्याचा खर्च कोण भागवतो, हे त्याला जरूर विचारावे.